पोरगं कुस्ती-कराटे खेळते, मंग अपघात विमा कोणता काढायचा?

बेल्टची परीक्षा आली, शाळेच्या जिल्हास्तरीय स्पर्धा आल्या की क्लासमधले पालक मला हा प्रश्न विचारतातच, की सर, आमचा बँकेतला वर्षाला वीस रुपयेवाला प्रधानमंत्री सुरक्षा विमा सुरू आहे, तं पोराचा खेळताना हात मोडला तर त्यातून पैसे भेटतील ना? उत्तर पहिलेच सांगून टाकतो. नाही भेटणार. एक तं तो विमा तुमच्या नावाचा आहे, पोराच्या नाही, आणि दुसरं म्हणजे तुमचा स्वतःचा हात मोडला, प्लास्टर लागलं, दोन महिन्यांनी बरा झाला, तरी त्यातून एक रुपया येत नाही. तो विमा वाईट नाही, उलट घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांनी काढलाच पाहिजे असा आहे, पण तो नेमका कशासाठी आहे हे माहीत नसल्यामुळे लोक निर्धास्त राहतात अन् गरज पडते त्या दिवशी सावकाराच्या दारात उभे असतात.

आपल्याकडे आता नुसती आखाड्यातली कुस्ती राहिली नाही. ज्युडो, तायक्वांदो, वुशू, बॉक्सिंग सगळं तालुक्यापर्यंत आलं, शालेय स्पर्धांत हे खेळ आहेत, राज्याच्या सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे म्हणून आईबाप पोट काढून पोरायले क्लासला टाकतात, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं तं पहाटे पाचलाच मैदानावर असतात. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारखी १९१४ सालची संस्था आपल्याच विदर्भातली, तिथल्या खेळाडूंनी १९३६ ला बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ करून दाखवले होते. एवढी जुनी परंपरा आहे, पण गावातल्या आखाड्यात अन् शाळेच्या वऱ्हांड्यात भरणाऱ्या क्लासमध्ये विम्याची गोष्ट निघतच नाही.

आता खर्च कसा लागतो ते पहा, कारण विमा समजायचा असेल तं आधी हेच समजावं लागते. समजा बारावीतल्या पोराचा गुडघा मॅटवर फिरला अन् लिगामेंट तुटलं. पहिला खर्च दवाखान्याचा, एमआरआय, ऑपरेशन, औषध. दुसरा खर्च त्याच्या मागून येतो अन् तो कोणी धरतच नाही, नागपूरला नाही तं वर्ध्याकडच्या सेवाग्राम-सावंगीला चार-पाच चकरा, सोबत एक माणूस, त्याचं राहणं-खाणं, महिनोन्‌महिने फिजिओथेरपी, आणि सोयाबीन काढणीवर आली असताना बाप दवाखान्यात बसला म्हणून वावरात लावलेली रोजंदारी. तिसरा म्हणजे देव न करो पण कायमचं अपंगत्व आलं किंवा जीवच गेला तर. हे तीन वेगवेगळे खड्डे आहेत अन् तिन्ही बुजवणारा एकच विमा सहसा भेटत नाही.

म्हणून विम्याचे दोन प्रकार डोक्यात पक्के ठेवा. एक खर्च भरून देणारा, म्हणजे मेडिक्लेम, त्यात बिल जेवढं झालं तेवढंच, तेही मर्यादेपर्यंत, भेटते. दुसरा ठरलेली रक्कम देणारा, म्हणजे अपघात विमा, त्यात बिलाशी देणंघेणं नाही, अमुक झालं तर अमुक रक्कम असा करार. मेडिक्लेम दोन असले तरी एकाच बिलाचे पैसे दोनदा येत नाहीत. पण मृत्यू अन् अपंगत्वाचे अपघात विमे दोन कंपन्यांचे असले तर साधारणपणे दोन्हीकडून आपापली रक्कम भेटते. जोड विमा म्हणतात तो हाच, मुख्य आरोग्य विम्याच्या वरून जोडलेला, त्याच्या जागी घेतलेला नाही. एजंट कधीकधी वर्षाला काहीशे रुपयांत दहा लाखांचा विमा असं सांगतो अन् ऐकणाऱ्याला वाटते दवाखान्याचे दहा लाख. ते दहा लाख मेल्यावरचे नाही तं कायमच्या अपंगत्वाचे असतात, दवाखान्याचा भाग त्यात असला तरी फार छोटा असतो.

दवाखान्याच्या खड्ड्यासाठी आपल्याकडे पहिला आधार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना अन् आयुष्मान भारत. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, रेशनकार्डवर, एक रुपया हप्ता नाही. नोंदणी असलेल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो, भरती व्हायच्या आधीच त्याला गाठायचं अन् विचारायचं की हे ऑपरेशन यादीत आहे का, याच दवाखान्यात होते का, परवानगी यायला किती दिवस. भरती होऊन बिल भरून मग योजना विचारली तर हाती काही लागत नाही. आणि भरती न होता केलेला खर्च, म्हणजे बाहेर काढलेला एमआरआय, नंतरचा फिजिओ, हा बहुतेक खिशातूनच जातो हे धरून चाला.

ज्यांचा खासगी मेडिक्लेम आहे त्यांनी एक चांगली गोष्ट लक्षात ठेवा. नवीन पॉलिसीत पहिले ३० दिवस आजाराचा क्लेम चालत नाही, पण अपघाताला ती अट लागू नाही. तसंच गुडघ्याच्या काही दुखण्यांना बऱ्याच पॉलिसीत दोन वर्षं थांबावं लागते, पण तेच अपघाताने झालं असेल तं थांबावं लागत नाही. म्हणजे सगळा खेळ "हे अपघाताने झालं" हे कागदावर आहे की नाही यावर. ते पुढे सांगतो.

आता वीस रुपयेवाला, प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. २०१५ मध्ये सुरू झाली, तेव्हा हप्ता १२ रुपये होता, १ जून २०२२ पासून २० रुपये झाला. १८ ते ७० वयाच्या बँक किंवा पोस्टाच्या खातेदाराला. अपघाती मृत्यूला २ लाख, दोन्ही डोळे किंवा दोन्ही हात-पाय किंवा एक डोळा अन् एक हात-पाय कायमचे निकामी झाले तर २ लाख, एक डोळा किंवा एक हात किंवा एक पाय गेला तर १ लाख. बस्स. फ्रॅक्चर नाही, लिगामेंट नाही, टाके नाही. वर्ष १ जून ते ३१ मे, म्हणजे मे महिन्यात खात्यातून २० रुपये कटतात, अन् तेव्हा खात्यात शिल्लक नसली तर विमा गुपचूप बंद पडतो, कोणी घरी येऊन सांगत नाही. जूनमध्ये पासबुक भरून घ्या अन् २० रुपयांची एन्ट्री बोटाने शोधा, ती ओळ दिसली तं विमा आहे, नाही दिसली तं नाही, बँकेतल्या बाईंनी काहीही सांगितलं तरी. तीन बँकांत खाती असली म्हणून सहा लाख होत नाहीत, या योजनेत एका माणसाला एकच विमा.

त्याच्याच जोडीची प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना, वर्षाला ४३६ रुपये, १८ ते ५० वय, मृत्यू कशानेही झाला तरी २ लाख, फक्त नवीन काढल्यावर पहिल्या ३० दिवसांत अपघात सोडून दुसऱ्या कारणाने मृत्यू झाला तर भेटत नाही. खेळणाऱ्या पोरांसाठी ही काहून महत्त्वाची ते सांगतो. विम्याच्या भाषेत अपघात म्हणजे अचानक, ध्यानीमनी नसताना, बाहेरच्या दिसणाऱ्या जोरदार कारणाने झालेली इजा. डोक्यावर आदळून पडला, हा अपघात. पण पोलीस भरतीसाठी धावताना किंवा कुस्ती सुटल्यावर छातीत कळ येऊन पोरगा गेला तर तो हार्ट अटॅक, तो आजार धरतात, अपघात विमा तिथे हात वर करतो. तिथे जीवन ज्योतीच कामी येते. नवरा-बायको दोघांच्या दोन्ही योजना धरल्या तर वर्षाचे ९१२ रुपये होतात, अठरा पूर्ण झालेल्या पोराचे ४५६. माझं म्हणणं आहे की बाकी काही जमो न जमो, हे जमवाच, कारण घरातला कमावता माणूस पडला की सगळ्यात आधी पोराचा खेळ बंद होतो, हे मी आखाड्यात डोळ्याने पाहतो.

अठराच्या खालच्या लेकरांना या दोन्ही योजना नाहीत. त्यांच्यासाठी राज्याची राजीव गांधी विद्यार्थी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे, पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्यांना, हप्ता नाही, नाव नोंदवायचं नाही. अपघाती मृत्यूला दीड लाख, दोन अवयव किंवा दोन डोळे कायमचे गेले तर १ लाख, एक गेला तर ७५ हजार, आणि अपघातामुळे ऑपरेशन करावं लागलं तर प्रत्यक्ष खर्च जास्तीत जास्त १ लाखापर्यंत. क्रीडा स्पर्धेत झालेली इजासुद्धा यात धरलेली आहे. प्रस्ताव मुख्याध्यापकांमार्फत जातो. बहुतेक पालकांना अन् खरं सांगायचं तं बऱ्याच शिक्षकांनाही ही योजना आहे हेच माहीत नसते, म्हणून पोराला लागलं की दवाखान्याइतकंच लवकर शाळेत कळवा, अन् तोंडी नाही, अर्ज देऊन पोच घ्या.

वावर असणाऱ्यांसाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना. सातबारावर नाव असलेला शेतकरी आणि त्याच्या घरातला नाव नसलेला कोणताही एक, आई, बाप, नवरा, बायको, मुलगा किंवा अविवाहित मुलगी, वय १० ते ७५. मृत्यू किंवा दोन अवयव गेले तर २ लाख, एक गेला तर १ लाख. साप चावला, वीज पडली, विहिरीत पडला, करंट लागला, ट्रॅक्टर पलटला, जंगली जनावरानं हल्ला केला, आपल्या भागात होणारे सगळे प्रकार यात येतात. तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत अर्ज. तेरवी झाल्यावर पाहू असं म्हणत बसलं की मुदत निघून जाते, म्हणून जवळच्या माणसानं, भावकीतल्या कोणीतरी हे काम अंगावर घेतलंच पाहिजे.

हे झालं सरकारी. आता विकत घ्यायचा अपघात विमा. पोस्टाच्या बँकेतून, साध्या बँकेतून, सरकारी अन् खासगी विमा कंपन्यांकडून भेटतो. विमा नियामकानं एक सगळ्या कंपन्यांसाठी सारखी पॉलिसी करून ठेवली आहे, सरल सुरक्षा बीमा, एप्रिल २०२१ पासून, अडीच लाखांपासून १ कोटीपर्यंत, लेकरांनाही त्यात घेता येते. मूळ पॉलिसीत मृत्यू, कायमचं पूर्ण अपंगत्व, कायमचं अंशतः अपंगत्व एवढंच. त्याच पॉलिसीवर वरून टाकायचे तीन जोड वेगळे पैसे भरून घ्यावे लागतात, अपघातानं भरती व्हावं लागलं तर विमा रकमेच्या १० टक्क्यांपर्यंत खर्च, काम बंद पडलं तर आठवड्याचे पैसे, अन् कमावता गेला किंवा कायमचा अपंग झाला तर लेकरांच्या शिक्षणाची रक्कम. मी तं म्हणतो मार्शल आर्टवाल्यानं मूळ पॉलिसीपेक्षा आधी हे जोड पाहावेत, कारण मॅटवर जे रोज होते, खांदा निखळणं, बोट मोडणं, कॉलर बोन, लिगामेंट, ते बसलंच तं या जोडांतच बसते, मूळ पॉलिसीत बसत नाही.

थोडा हिशोब करून पाहू. १० लाखांची सरल सुरक्षा काढली तर दवाखान्यात भरती होण्याच्या खर्चाचा जोड जास्तीत जास्त १ लाख झाला. आठवड्याचा जोड ०.२ टक्के, म्हणजे आठवड्याला २,००० रुपये, जास्तीत जास्त १०० आठवडे, पण तो कमावत्या माणसालाच, अन् डॉक्टरनं लिहून दिलं पाहिजे की हा माणूस काम करायला पूर्णच असमर्थ आहे सध्या. विद्यार्थ्याला तो फुकट गेला, त्याच्यासाठी भरू नका. आखाडा चालवणारे वस्ताद, क्लासवाले सर, हमाली करून कुस्ती खेळणारा पैलवान, यांच्यासाठी मात्र हाच जोड सोन्यासारखा.

अंशतः अपंगत्वाचा तक्ता असतो, कंपनीगणिक थोडाफार फरक, पण साधारण पूर्ण अंगठा गेला तर विमा रकमेच्या २५ टक्के, अंगठ्याजवळचं बोट १० टक्के, करंगळी ४ टक्के. ही रक्कम बोट गेलं तर आहे, बोट मोडून वाकडं बसलं तर नाही. पैलवानाचे कान पाह्यले असतील तुम्ही, रगडून रगडून फुगलेले, गाठीसारखे झालेले. त्या कानाचा आकार कायमचा बदलला तरी विम्यात त्याला शून्य, कारण तक्त्यात ऐकू येणं गेलं तर पैसे आहेत, कानाच्या आकाराचे नाहीत. तसंच वर्षभर हळूहळू दुखत आलेला गुडघा. तो झिजला, अपघात झाला नाही, असंच कंपनी म्हणणार.

आता सगळ्यात अडचणीचं कलम. आरोग्य विम्याच्या ठरलेल्या अटींत लिहिलेलं असते की धोकादायक किंवा साहसी खेळात व्यावसायिक म्हणून भाग घेतल्यानं झालेला खर्च भेटणार नाही, अन् पुढे उदाहरणं, गिर्यारोहण, राफ्टिंग, मोटार शर्यत, घोड्यांची शर्यत, स्कूबा डायव्हिंग, स्काय डायव्हिंग. अपघात विम्यातही असंच कलम सापडते. यादीत कुस्ती-कराटेचं नाव नाही, पण यादीच्या आधी "यापुरतं मर्यादित नाही" असं टाकलेलं असते, तिथे कंपनीला जागा राहते. शाळकरी पोरगं क्लासमध्ये शिकते ते व्यावसायिक नाही हे उघड आहे. पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या आमदंगलीत, म्हणजे गावच्या खुल्या कुस्त्यांत, इनामाची कुस्ती खेळणारा पैलवान? हौशी म्हणायचा की व्यावसायिक? माझ्या मते वर्षाला दोन-चार इनामं घेणारा वावरात राबणारा माणूस व्यावसायिक होत नाही, पण माझं मत क्लेमच्या वेळी चालत नाही. म्हणून पैसे भरायच्या आधी कंपनीला ईमेल करा, "मी कुस्ती खेळतो, सराव करतो, स्पर्धेत उतरतो, कधी इनाम घेतो, यात झालेला अपघात या पॉलिसीत बसतो का", अन् उत्तर लेखी घ्या. फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात खरं लिहा. एजंट म्हणते "शेती लिहून टाका भाऊ, झंझट नाही", ऐकू नका, झंझट पुढे आहे.

कागद. आपल्याकडे हात निखळला की पहिले हाड बसवणाऱ्याकडे नेतात, तेल लावतात, बांबूच्या पट्ट्या बांधतात, पंधरा दिवसांनी सूज उतरत नाही म्हणून मग दवाखाना. विम्याच्या दृष्टीनं ते पंधरा दिवस म्हणजे अपघात झालाच नाही. त्याच दिवशी, फार तं दुसऱ्या दिवशी, प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, तिथल्या केसपेपरवर तारीख, वेळ अन् कारण नीट लिहून घ्या, "पडल्याने दुखापत" एवढं नाही तं "ज्युडोच्या सरावात डावावर पडून उजव्या खांद्याला दुखापत". डॉक्टर गर्दीत असतात, हात जोडून सांगा, लिहून देतात. आणि कोणी सल्ला दिला की मोटारसायकलवरून पडला लिहा, तं अजिबात नाही, कंपनीचा माणूस तपासाला गावात येते, चहाच्या टपरीवर दोन मिनिटांत खरं कळते, अन् मग खरा असलेला क्लेमही खोटा ठरून जातो. आमच्या ओळखीतल्या एका पैलवानाचा क्लेम असाच गेला, दुखापत खरी, कारण खोटं लिहिलेलं.

मोठ्या घटनेत एफआयआर किंवा पंचनामा, मृत्यू असेल तर शवविच्छेदन अहवाल, अपंगत्व असेल तर जिल्हा शल्यचिकित्सकाचं प्रमाणपत्र लागते. घरच्यांना त्या वेळी शवविच्छेदन नको वाटते, समजू शकतो, पण त्याशिवाय बहुतेक क्लेम अडतात. सुरक्षा विम्याचा अर्ज बँकेत ३० दिवसांत द्या. अन् दारू पिऊन झालेला अपघात सहसा कुठल्याच अपघात विम्यात चालत नाही, हे कुस्तीच्या दंगलीला जाणाऱ्या सगळ्यांनी ऐकून ठेवा.

क्लेम नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे, एका वर्षाच्या आत. फी नाही, वकील नाही, ५० लाखांपर्यंतचं प्रकरण चालते. नियामकाच्या विमा भरोसा हेल्पलाइनचा नंबर १५५२५५.

शेवटी क्लासवाले अन् आयोजकांसाठी, म्हणजे माझ्यासारख्यांसाठीच. स्पर्धेआधी पालकांची सही घेतो तो "इजा झाल्यास आयोजक जबाबदार नाहीत" वाला कागद, तो विमा नाही, त्यातून लेकराला एक बँडेजही भेटत नाही. प्रवेश फीत विमा आहे असं कोणी सांगितलं तर पालकांनी पॉलिसी नंबर, तारखा अन् यादीत आपल्या पोराचं नाव मागावं, मागायला लाजू नये. मुंबई-ठाण्याकडे दहीहंडीच्या गोविंदांचा विमा निघतो, २०२२ पासून राज्य सरकारनंच त्यात लक्ष घातलं, थरावरून पडून मृत्यू झाला तर १० लाख. मातीवर डोक्यावर आपटणाऱ्या पैलवानाचा जीव काय त्याहून स्वस्त आहे? न्यू इंडिया, ओरिएंटल, नॅशनल, युनायटेड इंडिया या चारही सरकारी कंपन्या ग्रुप अपघात विमा काढतात, जिल्ह्याच्या शाखेत जाऊन स्पर्धेच्या दिवसांपुरता किंवा क्लासच्या वर्षभराचा भाव विचारता येतो, दवाखान्याच्या खर्चाचा जोड त्यात टाका म्हणून सांगता येते. इनामाच्या एका कुस्तीचे पैसे तिकडे वळवले तरी चालेल, पाहणारे कमी होत नाहीत. फक्त तारखेच्या आधी पंधरा दिवस हाताशी ठेवा, अन् खेळाडूंची यादी देताना नाव, जन्मतारीख आधारकार्डावर आहे तशीच लिहा, घरात हाक मारायचं नाव टाकलं की क्लेम तिथेच अडकते.